खोळीचं पोट

दिवाळी सरली आणि पुण्याहून माझ्या धाकट्या बहिणीचं पार्सल आलं. आत अव्वाची कंबर शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी होती. पिशवीवर गुलाबी मखमलीची खोळ, खोळीला सशाचं तोंड, काळ्या मण्यांचे डोळे आणि वर दोन लांब कान. पिशवी राहिली बाजूला, त्या दिवसापासून घरात सगळे तिला ससाच म्हणायला लागले.

अव्वा म्हणजे आमची आई. तिचं माहेर कलबुर्गीकडचं, कानडी. त्यामुळे आई म्हणायची आमच्यात रीतच पडली नाही. अप्पा गेले, आम्हाला भाऊ नाही, तेव्हापासून ती माझ्याजवळ असते. मला भालकीतच, माहेरापासून दोन घरांवर दिलेली. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. मालक, म्हणजे आमचे हे, दिवसभर कामावर असतात. म्हणजे घरात आम्ही दोघीच, आणि आता तिसरा ससा. अव्वाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती पुढे ढकलते आहे. माणूस तिला आवाजावरून कळतं आणि कापड बोटांवरून. हे पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर रोज संध्याकाळी पाणी तापवायचं मी. अगदी उकळतं घालायचं नाही, रबर खराब होतं, म्हणून जरा निवू द्यायचं. पिशवी पुरती भरायची नाही. पोटाशी दाबून आतली हवा काढायची, बूच घट्ट पिळायचं, उलटी धरून गळते का बघायचं, पुसायची आणि मग सशाच्या आत सारायची. एवढं करून अव्वाच्या कमरेखाली ठेवली की अव्वा डोळे मिटून म्हणणार, "देव सुखी ठिवो माज्या धाकटीला. किती ऊब हाय बघ."

ऊब कुठली? गॅसवरची. गॅस माझा, पाणी माझं, पोळलेली बोटं माझी, आणि नाव पुण्याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, आमच्याकडे ससोबा आला होता.

शेजारच्या खाला रोज दुपारी अव्वाजवळ येऊन बसतात. त्यांची बोली दखनी, अव्वाची मराठी-कानडी मिसळ, पण दोघींचं एकमेकींवाचून पानही हलत नाही. अव्वानं त्यांच्या हातात ससा दिला, त्यांनी कान ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "क्या नसीब है जी तुम्हारा! बेटी पुने में, तो भी मां की कमर की फिकर." मी तिथंच, चार हातांवर, मशीनवर वाकलेली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण ज्यानं काढली तो नक्की आईबापाजवळ राहणारा थोरला असणार.

मालकांना मजा वाटायची. "कानाला धरून उचलत जा, चावत न्हाई," म्हणायचे. मला मात्र तो ससा दोरीवर वाळत घातलेला दिसला तरी अंगाची आग व्हायची. एकदा धुताना त्याचा एक कान जरा जास्तच पिळला. तुटला नाही. चांगल्या शिलाईचा होता, हेही मला खुपलं.

पण ससा हे निमित्त. माझ्या जळण्याचं मूळ फार मागचं आहे, आणि ते सुईत आहे.

अव्वाच्या हातची कौदी आमच्या सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. कौदी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर टाकून हातानं शिवलेली गोधडी. भालकीच्या बाजारच्या दिवशी खेड्यातल्या बाया गाठोडं घेऊन यायच्या आणि अव्वा दारात कौदी पसरून बसायची. मी थोरली. दहावी झाली तसं मला मशीनवर बसवलं, कारण घराला कमावता हात हवा होता. धाकटी तेव्हा शाळेत. शाळेतून आली की ती अव्वाच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि अव्वा तिच्या हातात सुई द्यायची.

माझं मशीन भिंतीला होतं, पण मी ते जरा तिरकं करून घेतलं होतं. उजेडासाठी, असं सांगायचे. खरं तर त्या दोघी दिसाव्यात म्हणून. धाकटी ओळ शिवायची आणि अव्वा त्या ओळीवरून अंगठ्याचं नख फिरवायची. टाका लांब गेला, दोरा ओढला गेला, की नख अडकायचं आणि अव्वा म्हणायची, "बिच्चु."

बिच्चु म्हणजे कानडीत उसव. पहिल्यांदा हा शब्द कानावर पडला तेव्हा खाला उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या दोन्ही पाय वर घेऊन ओरडल्या, "बिच्चू? किधर है बिच्चू?" त्यांना वाटलं विंचू निघाला. तेव्हापासून त्या दारातूनच विचारायच्या, "बिच्चू गया क्या?" आणि मगच आत यायच्या.

धाकटी रडत उसवायची. अव्वा कानडीत तिच्यावर खेकसायची, मग पदरानं तिचं नाक पुसायची, सुई पुन्हा ओवून तिच्या बोटांवर आपली बोटं धरून टाका घालून दाखवायची. हे संध्याकाळपर्यंत चालायचं. आणि मी? मी ब्लाउज पुरा करून अव्वापुढे धरला की ती घडी घालता घालता म्हणायची, "चांगला झालाय." मराठीत. एकदाही उलटा करून आतली शिलाई बघितली नाही. माझ्यावर ती कधी कानडीत खेकसली नाही. शिंप्याशी बोलावं तसं नीट, मान राखून बोलायची. लोकांना वाटायचं, थोरलीला किती मान देते. मला तो मान विस्तवासारखा पोळायचा.

पुढे धाकटी शिकली, पुण्याला गेली, तिथंच लग्न करून राहिली. सुई तिनं कोनाड्यात ठेवली ती ठेवलीच. आता तिच्या घरी ब्लाउजचा हुकसुद्धा बाहेरून लावून आणतात. अव्वाचा टाका तिच्याकडे गेला आणि तिनं तो वापरला नाही. माझ्या भाकरीवरचं लोणी कुणी खाल्लं असतं तर चाललं असतं, पण हे म्हणजे वाटीच पळवून, न खाता झाकून ठेवण्यातली गत झाली.

असं सगळं आत खदखदत असताना एका दुपारी सशाचं पोट कुरवाळत अव्वा खालांना म्हणाली, "मोठी राबती बिचारी, पण तिचा हात मशीनचा. खरा टाका येतो तो माज्या धाकटीला."

मशीनची सुई कट्‌कन मोडली. "क्या टूटा?" खालांनी विचारलं. "काही न्हाई," मी म्हणाले आणि नवी सुई लावायच्या निमित्तानं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. त्या बैठकीतच मी ठरवलं की ह्या पिशवीला मी खोळ शिवणार. हातानं. मशीनचा एकसुद्धा टाका नाही. आणि अव्वानं बोट फिरवून, कुणी न सांगता ओळखायचं की ही थोरलीची आहे.

कापडाला मला कुठं जायचं होतं? गिऱ्हाइकांच्या चोळ्यांचे उरलेले खणाचे तुकडे पेटीत होते: जांभळा, हिरवा, काठाला बारीक रुईफुलं. अव्वाच्या एका विरलेल्या इरकलचा लाल पदर होता. आत घालायला अप्पांचं जुनं धोतर काढलं, धुऊन धुऊन पार मऊ झालेलं. सशावर कागद ठेवून माप काढलं. तेवढ्यासाठी तरी त्याचा उपयोग झाला. वरून गळा बाहेर राहील, मागून पिशवी सारता येईल आणि गुंडी लावून बंद होईल, अशी बेतली. खणाचे चौकोन मध्ये, इरकलची पट्टी भोवती, आणि चारी कोपऱ्यांना तीन टोकांची फुलं, कौदीला असतात तशी.

अव्वा दुपारी डोळा लावायची तेवढाच वेळ माझा. पहिल्या ओळी अशा आल्या की म्हैस चिखलातून गेलीय. मशीनवर कापड आपोआप सरकतं, हाताला ती सवय लागलेली. सुई जिथं घालायची तिथं जाईना, भलतीकडेच निघे. मी आपणच आपल्याला हळूच म्हणायची, "बिच्चु," आणि उसवायची. इतकी वर्षं तिरक्या मशीनवरून चोरून पाहिलेलं सगळं आठवायला लागलं. अव्वा सुई कशी आडवी धरते, खालच्या बोटानं कापड कसं वर उचलते, दोरा कुठं सैल सोडते. शिकवलं धाकटीला, पण पाहिलं मीही होतं. हळूहळू टाके ओळीत चालायला लागले. जांभळ्यावरून हिरव्यावर, हिरव्यावरून लालवर, ज्वारीच्या दाण्याएवढे. मला इतका आनंद झाला की एका बाईचा ब्लाउज दोन दिवस तसाच पडून राहिला आणि तिची बोलणी खाल्ली.

शेवटी राहिलं पोट. आमच्याकडे कौदी पुरी होते तेव्हा बरोबर मध्यभागी थोडी जागा उघडी ठेवतात. तिला अव्वा कानडीत होट्टी म्हणते, म्हणजे पोट. त्यात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवायचा आणि वरून चौकोनी ठिगळ लावून बंद करायचं. रिकाम्या पोटाची कौदी अंगावर घेतली तर ती ऊब देत नाही, उलट आपलीच ऊब खाते, असं अव्वा सांगायची. मी तिला प्रत्येक कौदीचं पोट भरताना पाहिलं होतं. ह्या खोळीचंही भरलं. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा, आणि गुळाचा खडा, टोचू नये म्हणून कुटून पसरलेला, जरा मोठाच घेतला. कंजूषपणा कशाला करायचा, धाकटीच्या मखमलीपुढे आपण कमी पडायला नको.

येळवशीच्या आदल्या दिवशी खोळ झाली आणि त्याच दिवशी धाकटी आली. येळवस म्हणजे आमच्या सीमेवरचा मोठा सण. त्या अमावस्येला गाव ओस पडतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. हुलसूरच्या रस्त्याला आमचं थोडं शेत आहे, त्यासाठी ती दरवर्षी येते. तिनं बॅगा उघडल्या. अव्वाला गुडघ्याला घालायच्या पट्ट्या, कसलंसं तेल, साखर नसलेली बिस्किटं. अव्वा एकेक वस्तू चाचपत होती आणि तिच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता. मी आत गेले, पाणी तापवलं, पिशवी भरली, माझी खोळ घातली आणि न बोलता अव्वाच्या मांडीवर ठेवली. आणि दाराला टेकून उभी राहिले.

अव्वाचा हात खोळीवर पडला आणि थांबला. मग अंगठ्याचं नख फिरायला लागलं. मधून कडेला, कडेवरून कोपऱ्याला, फुलाच्या टोकावर. नख कुठंही अडकलं नाही.

"यव्वा!" अव्वा म्हणाली. "काय टाका हाय!" आणि तिनं धाकटीचा हात धरला. "कवा शिवलीस गं?"

धाकटी मोबाईलवर पोचल्याचा निरोप पाठवत होती. तिला वाटलं, अव्वा पट्ट्यांबद्दल बोलते आहे. "आवडल्या व्हय? तुज्यासाठीच की," ती म्हणाली.

"बघ, म्हणलं न्हवतं मी? ह्यो हात इसरत न्हाई." अव्वाचे डोळे भरून आले. "मीच शिकीवलीय."

मी दारातच. काय सांगू? मी शिवली, मला शाबासकी दे? मागून घेतलेलं कौतुक मला नको होतं. ती तिनं माझी म्हणून ओळखायला हवी होती, आणि तिनं ओळखली ती दुसरीची म्हणून. अंगाचा तिळपापड झाला. आत जाऊन मी उद्याच्या भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीसाठी, भिजवलेल्या चवळ्या निष्कारण पुन्हा धुतल्या.

धाकटीच्या ध्यानात आलं ते थोड्या वेळानं. स्वयंपाकघरात आली, खोळ हातात घेऊन. "अक्का, हे तू शिवलीस व्हय? अव्वाला वाटायलंय, मी आणली."

"मग सांग की तिला."

ती घुटमळली. "ती लई खुशीत हाय गं. राहू दे की आजच्या दिवस."

राहू दे की! हिचं काय जात होतं राहू द्यायला? मी बाजरीच्या उंड्यांचं, म्हणजे वाफवायच्या गोळ्यांचं, पीठ असं मळलं की परातीला पोचा यायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी शेतात तर कळसच झाला. हरभऱ्यात कडब्याची खोप उभी केली होती, पांडवांची पूजा झाली होती, आंबिलीचे पेले फिरत होते. अव्वानं कमरेला आधार म्हणून पिशवी नेली होती. पाणी केव्हाच गार झालेलं, पण मिरवायला खोळ पुरे. शेजारच्या शेतातल्या बाया जेवायला आल्या, तशी ती एकेकीला जवळ बोलवायची. "हात फिरीव. ह्या कोपऱ्यावरून फिरीव. माज्या धाकटीनं हातानं शिवलीय, पुण्यात बसून." बाया हात फिरवत होत्या आणि धाकटीकडे कौतुकानं बघत होत्या. धाकटी माझ्याकडे बघत होती. मी भज्जी वाढत होते. एक म्हातारी मला म्हणाली, "तू बी शिकून घे की गं भैनीकडून." मी तिच्या पानात भज्जीचा असा डाव टाकला की तिला ती संपेना.

मी तरी घरी येऊन एकदा स्पष्ट सांगितलं असतं का? नाही. जितकं जळत होते तितकीच गप्प होते. तिनं आपल्या बोटांनी ओळखलं तर खरं, नाहीतर खोळ गेली खड्ड्यात, असं माझं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा अंगणात उन्हाला बाज टाकून पडली होती. येळवशीच्या दगदगीनं कंबर धरली होती, म्हणून मी पाणी नेहमीपेक्षा कडक घालून दिलं होतं. खाला बाजेच्या कडेला, धाकटी पायरीवर केस वाळवत, मी दारात मशीनवर. बराच वेळ सगळं ठीक होतं. मग अव्वा चुळबुळली. मग कमरेवर हात मारला. आणि एकदम किंचाळली, "यव्वा! काय चावायलंय गं!"

खाला पाय वर घेऊन ओरडल्या, "बिच्चू! बिच्चू!"

विंचू नव्हता. आम्ही धावलो. अव्वाला उठवून पाहिलं तर भिंतीच्या फटीतून निघून, बाजेच्या पायावरून चढून, लाल मुंग्यांची ही एवढी रांग थेट खोळीच्या पोटाशी लागली होती. जांभळ्या खणावर मध्येच काळा चिकट डाग पसरला होता आणि त्यावर मुंग्यांचा गोळा. कडक पाण्यानं आतला गूळ पाघळला होता.

धाकटीनं खोळ काढून झटकली. खाला अव्वाची पाठ झाडत होत्या. मला वाटलं, बरं झालं, आता खोळ धाकटीचीच राहू दे, आणि मुंग्याही तिच्याच. अगदी असंच वाटलं. पण अव्वानं हात पुढे केला. "आण हिकडं."

"मुंग्या हायत्या अव्वा."

"आण म्हणलं की."

तिनं खोळ मांडीवर घेतली. मधला ओला उंचवटा चाचपला, बोट नाकाशी नेलं. मग ठिगळाचा दोरा दातांनी तोडला, बोट आत घातलं आणि भाकरीचा भिजका पापुद्रा बाहेर काढला. त्याला गूळ लागलेला. अव्वानं तो दोन बोटांत चुरून पाहिला. मुंग्या तिच्या मनगटावर चढत होत्या, तिला पत्ता नव्हता.

"ही धाकटीची न्हाई," ती म्हणाली.

"कैकू?" खालांनी विचारलं. "इत्ते लोगां कू तो वैसाच बोले ना तुम."

"धाकटीनं जल्मात कवा होट्टीत गूळ ठिवला न्हाई. मी खडा द्यायची, ही तोंडात टाकायची अन् रिकामं पोट शिवून मोकळी व्हायची."

धाकटीचे ओले केस हातातच राहिले. "तुला ठावं होतं?"

"तुजा गाल फुगल्याला दिसत न्हवता व्हय मला? शेजारणीला दिलेली कौदी मी गुपचूप उसवून पुन्ना भरलेव. दोनदा."

मला हसू येत होतं, पण मी आवळून धरलं. अव्वानं मान वळवली. तिला मी धुरकट दिसत असणार, तरी बरोबर माझ्याकडेच वळवली.

"तू शिवलीस."

"व्हय."

"हातानं?"

"हातानं."

मला वाटलं, आता. आता ती म्हणेल. काल दुसरीच्या नावावर म्हणाली ते आज माझ्या नावावर. पण तिनं खोळ उलटी केली. आतली बाजू वर केली, जी माझ्या कुठल्याही कपड्याची तिनं कधी केली नव्हती, आणि त्या बाजूनं नख फिरवायला लागली. फार सावकाश. आणि नख अडकलं.

"हितं टाका लांब गेलाय," ती म्हणाली. "हितं दोरा वढलीस, कापड गोळा झालंय. अन् ह्या कोपऱ्यात गाठ आतून दिसायलीय."

ह्याच कोपऱ्यावरून काल तिनं निम्म्या शिवाराचे हात फिरवले होते. धाकटीची होती तोवर देखणी होती, माझी झाली आणि लगेच खोड्या निघाल्या! माझं डोकं सणकलं. "काल तर लई आवडली होती की तुला!"

"काल ती धाकटीची होती," अव्वा म्हणाली. "तिच्या मानानं लई झाली. तुज्या मानानं न्हाई."

तिनं गुळाचं चिकट बोट पदराला पुसलं.

"अन् पाण्याच्या पिशवीला कुणी गूळ घालतंय? कौदी उन्हात पडती, वाळती. हितं समदं ओलं." आणि मग तिचा आवाज चढला आणि ती कानडीत सुटली. मला काही अक्कल आहे का, एवढी घोडी झाले तरी म्हातारीला मुंग्यांच्या तोंडी देते, हेच शिकले का इतकी वर्षं. खाला गालावर हात ठेवून बसल्या होत्या. माझी बहीण खाली बघत होती. तो आवाज तिला चांगला ठाऊक होता, त्याच्यापुढे ती अर्धं लहानपण रडली होती. माझ्यावर तो आवाज पहिल्यांदाच चढला होता, ह्या वयात, केस पांढरे झाल्यावर.

अव्वानं खोळ माझ्या अंगावर टाकली.

"बिच्चु."

"सगळं?"

"सगळं. मधल्यापासून."

मी बाजेखाली, तिच्या पायाशी जमिनीवर बसले. उसवायला सुरुवात केली. खणातून दोरा बाहेर येताना बारीक करकर होत होती. अव्वा वाकून, माझ्या डोक्यावरून हात पुढे करून, कुठवर आले ते चाचपत होती. "सुई ओवून दे अक्काला," ती धाकटीला म्हणाली. "अन् घरातून जवारीचे चार दाणे आण. पोटात दाणे घालू. पोट बी भरतंय अन् मुंगी बी येत न्हाई." पाण्याच्या पिशवीची खोळ तिनं तरी जन्मात कुठं शिवली होती? पण असं सांगत होती, जणू पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

धाकटीनं सुई ओवून दिली, दाणे आणले. मग आत जाऊन पिशवीत ताजं गरम पाणी भरून आणलं. बिनखोळीची रबरी पिशवी टॉवेलात धरून ती बाजेशी उभी राहिली. दुसऱ्या हातात ससा, एका कानाला धरलेला.

मी पहिली ओळ घालून वर धरली. अव्वाचं नख फिरलं, अडकलं.

"बिच्चु."

मी उसवली. पुन्हा घातली. ह्यावेळी अव्वानं माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली. सुरकुतलेली, मुंग्या चावून लाल झालेली. आणि टाका कुठं सैल सोडायचा ते दाबून दाखवलं. मी तो टाका मुद्दाम सावकाश घातला.

"अव्वा," धाकटी म्हणाली, "पाणी गार व्हायलंय की. तोवर ससा घालू का?"

अव्वानं मान वर केली नाही. तिचं नख माझ्या ओळीवर होतं.

"होऊ दे गार," ती म्हणाली.